निम्मं कार्ड

सांगली,
ता. ४ सप्टेंबर १९४६

गड्या चांदसाहेब,

हंबीररावाचा रामराम. तुझं कार्ड पोचलं, म्हणजे निम्मं पोचलं. उजव्या निम्म्या भागात अक्षरांची ही दाटी, आणि डावा निम्मा भाग कोरा करकरीत. मागचं कार्डही तसंच होतं. आमचा पोस्टमन भलता चावट, मला म्हणतो, "दिवाणजी, उरलेली जागा तुमच्या उत्तरासाठी सोडलीय जणू!" सगळी हळदीची अडत हसली. मीही हसलो.

पण मग रात्री तेच मनात घोळत राहिलं. कडेगावच्या शाळेत पाटीचा कोपरान् कोपरा भरतोस म्हणून मास्तरांची छडी खाणारा तू. तुला कोरी जागा बघवत नाही हे मला ठाऊक. गेल्या महिन्यात मोहरमच्या ताबुताचा कागद न्यायला आलास, तेव्हा अडतीतून बाहेर पडलास आणि भर उन्हात डावीकडच्या बैलगाडीवर जाऊन आदळलास. वर म्हणालास, "गाडी कवा आली रं मधी?" अरे, ती गाडी सकाळपासून तिथंच उभी होती.

तेव्हा तुला आंधळा म्हणून चिडवलं. आता चिडवत नाही. इथल्या दवाखान्यात लढाईवरून परत आलेले एक डॉक्टर आहेत. डोक्याला गोळी लागलेले शिपाई त्यांनी खूप पाहिलेत. एकदा येऊन दाखवून जा. दिलशादवहिनींना रामराम, ताहेराला आशीर्वाद.

तुझा,
हंबीरराव


कडेगाव, जि. सातारा,
ता. ११ सप्टेंबर १९४६

हंबीरकाकांना ताहेराचा सलाम.

अब्बा सांगतायत आणि मी लिहितेय. ते म्हणतात, हळदीत राहून राहून तुला जग पिवळं दिसायला लागलंय. मला काही झालेलं नाही. पित्त आहे. सकाळी डोकं ठणकतं, एक उलटी झाली की मोकळं वाटतं. ताबुताचं काम सुरू केलंय. आपल्या गावात आधी कळस बांधतात आणि मग पाया, हे सांगलीत जाऊन विसरला नसशील. कळस झाला. त्याच्या खालचा मजलाही झाला. बेगड चांगली मिळाली तर पाठव. मोहरम होईपर्यंत माझ्यापुढं दवाखान्याचं नाव काढायचं नाही. असं म्हणतात ते.

काका, इथून खालचं माझं आहे. अब्बा कांब्या तासायला परसात गेलेत.

त्यांचं जेवणही तुमच्या त्या कार्डासारखंच झालंय. ताटातलं उजवीकडचं तेवढं खातात आणि ओरडतात, "भाकरी कुठं हाय?" भाकरी डावीकडं असते. अम्मा ताट फिरवून ठेवते. ताबुताच्या मजल्याला आठ बाजू असतात. अब्बांनी आठही बाजूंना उजवीकडं निम्मा कागद चिकटवला, डावीकडं नुसत्या बांबूच्या कांब्या उघड्या, आणि म्हणाले, "झालं." मी पहाटे उठून उरलेला कागद चिकटवते. त्यांना ते कळत नाही.

गावात कुणी म्हणतं चांदसाहेब प्यायला लागला. अब्बांनी जन्मात दारूला हात लावलेला नाही, हे तुम्हाला माहीत आहे. अम्मानं दर्ग्यातून ताईत आणून बांधलाय. मला फार भीती वाटते. काय करू?

तुमची,
ताहेरा


सांगली,
ता. १५ सप्टेंबर १९४६

पोरी ताहेरा,

सोबत दोन कागद आहेत. दुसरा अब्बाला वाचून दाखव. त्यात लिहिलंय की मुंबईहून रंगीत कागदाचे नवे गठ्ठे आलेत आणि तुझ्याच हातानं निवडून घेऊन जा. त्या आमिषाला तो येईल. कागदाच्या बाबतीत तो माझ्यावर भरवसा ठेवत नाही. अम्मालाही बरोबर आण.

हा कागद तुझा. मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. भाकरीचं ऐकून त्यांनी हातातला चहा खाली ठेवला. म्हणाले, डोळा चांगला असेल, पण डोळ्याला दिसलेलं ज्या मेंदूला कळतं, तिथं काहीतरी बसलं असावं. फोटो काढायला हवा. साध्या फोटोत कवटीचं हाड दिसतं, आतला मेंदू दिसत नाही. म्हणून डोक्याला मागून दोन बारीक भोकं पाडायची, मेंदूच्या पोकळीतलं पाणी काढून घ्यायचं, तिथं हवा भरायची आणि मग विजेचा फोटो घ्यायचा. हवा कुठं गेली ते फोटोत काळं उमटतं. त्यावरून आत काय आहे ते समजतं.

अम्माला भोकांचं आत्ताच सांगू नकोस. इथं आल्यावर मी सांगेन.

काका


कडेगाव,
ता. ९ ऑक्टोबर १९४६

हंबीर, गड्या,

ताहेरा लिहितेय, बोलतोय मी. तुझ्या डॉक्टरला माझा सलाम सांग. सांगलीहून फोटो काढून आल्यापासून डोकं दुखायचं पार थांबलं! दोन महिन्यांनी सकाळी उठून उलटी न करता चहा प्यालो. डोक्यावरचे केस गेले, त्याचं काय, पोरं 'टकल्या चाचा' म्हणतात तेवढंच. डॉक्टर 'घरी नेऊ नका' म्हणत होते, तू दारात आडवा उभा राहिलास, पण आलो ते बरं झालं.

गाव फोटो बघायला लोटलं. खिडकीत उजेडाला धरून प्रत्येकानं पाहिला. तुला नाथाजी पाटील आठवतो ना, शाळेत आपल्या पुढं बसायचा तो? त्यानं फोटो हातात घेतला आणि निकाल दिला, "ह्ये मधी काळं दिसतंय न्हवं, त्येच दुखणं. ईजेनं वढून कागदावर आणलं बगा." सगळ्यांना पटलं. शेजारची शालूबाई तर परवापासून मागं लागलीय की माझ्या कमरेचं दुखणंबी कागदावर काढून आणा. दिलशादनं दर्ग्यात मलिदा वाटला. मुंबईच्या ऑपरेशनचं आता राहू दे. ताबुताचे चार मजले बाकी आहेत.

तुझा,
चांदसाहेब

काका, मी ताहेरा. अब्बा खरंच हसतायत, गातायत. पण कागद अजून निम्माच चिकटवतात. तुम्ही फोटो जपून ठेवा म्हणाला होता, मुंबईच्या डॉक्टरांना लागेल म्हणून. काका, तो नाही. अम्मा म्हणाली, दुखणं त्यावर उतरलंय तर ते घरात कशाला ठेवायचं. तिनं त्याला हळदकुंकू लावून, वर लिंबू ठेवून ओढ्यात सोडून दिला. मी शाळेतल्या बाईंकडे गेले होते तेवढ्यात.


सांगली,
ता. १३ ऑक्टोबर १९४६

ताहेरा,

हे पत्र अब्बाला आणि अम्माला, दोघांनाही समोर बसवून वाच. एक अक्षर गाळू नकोस.

दिलशादवहिनी, तुम्ही फोटो ओढ्यात सोडलात. तुमच्या जागी मी असतो तर मीही सोडला असता, इतकं चांदसाहेबाला बरं वाटत होतं. पण फोटो म्हणजे औषध नव्हे. बरं वाटलं ते फोटोनं नाही. फोटोसाठी डोक्यातलं तुंबलेलं पाणी काढलं, त्यानं आतला दाब उतरला. ते पाणी पुन्हा भरणार. डॉक्टरांनी तुमच्यादेखत फोटो काचेवर लावून मला दाखवला होता. मेंदूतली हवा मधोमध दिसायला हवी, दोन्हीकडं पंख सारखे पसरलेल्या पाखरासारखी. चांदसाहेबाच्या फोटोत ते पाखरू डावीकडं ढकललं गेलंय. उजव्या अंगाला, मागच्या बाजूला गाठ आहे. उजव्या मेंदूला डावीकडचं जग दिसतं, म्हणून त्याचं डावं जग गेलं. काळं दिसत होतं ती नुसती हवा. दुखणं आत आहे तिथंच आहे.

मुंबईला लढाईत डोक्यांची ऑपरेशनं केलेले एक सर्जन आहेत. आमच्या डॉक्टरांनी त्यांना लिहिलंय. फोटो गेला तर दुसरा काढू म्हणतात. दिवाळीच्या आत निघायला हवं. मी बरोबर येतो. अडतीतून रजा घेतलीय. चांदसाहेब, हात जोडतो तुझ्यापुढं. ताबूत पुढच्या वर्षीही बांधता येईल.

हंबीरराव


कडेगाव,
ता. २० ऑक्टोबर १९४६

काकांना सलाम.

मी तुमचं पत्र वाचलं नाही. म्हणजे वाचलं, पण तुम्ही लिहिलेलं वाचलं नाही.

समोर दोघं बसले होते. अम्माच्या हातात तांदूळ पाखडायचं सूप होतं. मी 'दिलशादवहिनी' इथपर्यंत वाचलं आणि अम्मा खुशीत हसली, तुम्ही तिचं नाव घेतलं म्हणून. पुढच्या ओळीत ओढ्याचं होतं. मग मी कागदाकडं बघत मनानंच काहीतरी वाचत गेले. काय वाचलं ते सांगायला लाज वाटते. अब्बा डोळे मिटून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "लय झ्याक लिवलंय हंबीरनं."

दुसऱ्या दिवशी अम्माला एकटीला गाठून गाठीचं सांगितलं. ती म्हणाली, "बऱ्या झालेल्या मान्साला कापायचं कशाला? डागदरला कापायचीच सवय अस्तीय." ओढ्यात सोडलेला फोटो मुंबईला लागणार होता, हे मात्र मी तिला सांगितलं नाही. काका, परवापासून अब्बा पहाटे परसात जाऊन ओकतात आणि वर माती ओढतात. मी पाहिलं. मी काय करू? तुम्ही पुन्हा लिहा. या वेळी मी जसंच्या तसं वाचीन, शपथ घेते.

ताहेरा


कडेगाव,
ता. २ नोव्हेंबर १९४६

(चांदसाहेबाच्या हातचं कार्ड. मजकूर उजव्या निम्म्या भागात.)

हंबीर, हे माझं मी लिहितोय. पोस्टात टाकायला मीच जाईन. पोरीला कळवू नको.

फोटो मी पाहिला होता. जन्मभर ताबूत ओळंब्यावर उभे केले, मधला खांब सरकलेला मला दिसत नाही होय? सांगलीत तू वखारीत गेलास तेवढ्यात डॉक्टरला विचारलं, साहेब, खरं सांगा. ते भले माणूस. म्हणाले, थोडेच वाचतात. वाचले तर बहुधा नजर उरत नाही, हात उरत नाही. मी ठरवलं. मुंबईच्या टेबलावर मरण्यापेक्षा आपला ताबूत बांधून मरतो.

नाथाजीचं म्हणणं ऐकलं आणि बरं वाटलं बघ. म्हटलं, यांना तसंच वाटू दे. दिलशाद गाते हल्ली. एवढा मोहरम तिला गाऊ दे.

आता तू खरं लिहू नको. तू लिहितोस ते पोरीला वाचवत नाही. डोळे भरून येतात आणि ती दुसरंच वाचते. मला कळतं. तुझी भाषा मला ठाऊक नाही का? चांगलं लिही, म्हणजे पोरीला खोटं वाचावं लागणार नाही. आणखी एक सांगायचं आहे पण कार्डावर जागा संपली. दुसरं कार्ड उद्या टाकतो.

चांद


सांगली,
ता. ९ नोव्हेंबर १९४६

चांदसाहेबास हंबीररावाचा रामराम.

डॉक्टरांना भेटलो. ते म्हणाले, घाई करायचं कारण नाही. एवढा आराम पडला आहे तर मोहरम होऊन जाऊ दे, मग निवांत बघू. तेव्हा तू बिनघोर काम कर. दोन डझन बेगड आणि हिरवा, गुलाबी कागद उंब्रजकडं जाणाऱ्या गाडीबरोबर पाठवतो आहे, तिथून कुणी कडेगावचा माणूस आणील. गुलाबी जरा फिका आहे, शिव्या देऊ नकोस.

इथं हळदीचा बाजार थंड आहे. माझे गुडघे दुखतात. शालूबाईबरोबर माझाही नंबर लाव म्हणतो, गुडघे कागदावर काढून घेऊ आणि दोघं मिळून ओढ्यात सोडू.

वहिनींना रामराम. त्यांच्या हातचा मलिदा राखून ठेवायला सांग.

हंबीरराव


कडेगाव,
ता. १५ नोव्हेंबर १९४६

हंबीरकाका,

किती दिवसांनी मी पोटभर जेवले! तुमचं पत्र आलं. अम्माला म्हटलं, सूप खाली ठेव. शपथ घेतली होती म्हणून मन घट्ट करून वाचायला लागले आणि पहिल्याच ओळीत 'घाई करायचं कारण नाही'! काका, पहिल्यांदाच मी तुमचं सगळं पत्र जसंच्या तसं वाचलं. गुडघ्यांच्या जागी अम्मा इतकी हसली की तिला ठसका लागला. अब्बा म्हणाले, "परत वाच." मी परत वाचलं.

तुम्ही डॉक्टरांना भेटलात म्हणून कळलं, नाहीतर मी उगाच जीव खाल्ला असता सगळ्यांचा. अब्बा मधूनमधून ओकतात, पण पित्तच असेल, नाही का? डावा हात जरा जड झालाय म्हणतात. बांबू उचलून उचलून होणारच. ताबुताचा शेवटचा मजला बांधायला घेतलाय. गुलाबी कागदाला अब्बांनी शिव्या दिल्या.

तुमची आनंदी,
ताहेरा


कडेगाव,
ता. २० डिसेंबर १९४६

काका,

अब्बांच्या मातीला तुम्ही होता, म्हणून सगळं नव्यानं लिहीत नाही. तुम्ही गेल्यावर घर खायला उठलंय.

अम्मा जेवत नाही. कुणीतरी तिला सांगितलं की तो फोटो असता तर मुंबईत ऑपरेशन झालं असतं. तेव्हापासून ती ओढ्यावर जाऊन बसते. म्हणते, "म्याच बुडवला त्येला. लिंबू ठिवून बुडवला." मी काही बोलले तरी ऐकत नाही.

मला तुमचा राग येतो. खरं सांगते. तुम्ही 'घाई नाही' असं लिहिलंत, मी ते दोनदा वाचलं, हसत हसत वाचलं. तुम्हाला ठाऊक होतं का? डॉक्टरांनी खरंच तसं म्हटलं होतं का? काय असेल ते लिहा. आता वाचून दाखवायला कुणी उरलेलं नाही.

आणि एक गोष्ट मला कळत नाही. तुमचं ते दिवाळीआधीचं कडक पत्र मी खोटं वाचलं होतं ना, त्यात मी मनानंच वाचलं होतं की हंबीरकाका औंदा ताबुताला खांदा द्यायला येणार आहेत. अब्बांना बरं वाटावं म्हणून. ते मी कुणालाही सांगितलं नाही. तुम्ही तसं कधीच लिहिलं नव्हतं. ताबुतांच्या भेटीच्या दिवशी मी अब्बांना खाटेसकट ओट्यावर आणलं आणि मनात म्हणत होते की आता विचारतील, हंबीर कुठाय. आणि तुम्ही गर्दीतून आलात, फेटा कमरेला बांधलेला, आणि बरोबर त्यांच्या उजव्या बाजूच्या दांडीला खांदा दिलात, त्यांना दिसाल असा. अब्बा माझ्याकडं बघून हसले. त्यानंतर ते फारसं बोललेच नाहीत.

तुम्ही कसे आलात, काका?

ताहेरा


सांगली,
ता. २६ डिसेंबर १९४६

ताहेरा, माझ्या पोरी,

हे पत्र आधी अम्माला वाचून दाखव. जसंच्या तसं.

दिलशादवहिनी, फोटो ओढ्यात गेल्यानं काही बिघडलं नाही. डॉक्टर दुसरा काढणार होते, त्यांनी दिवससुद्धा ठरवला होता. चांदसाहेबच नको म्हणाला. त्यानं फोटो पाहिला होता, डॉक्टरांना विचारलं होतं, त्याला सगळं ठाऊक होतं. तुम्ही गात होता ते त्याला ऐकायचं होतं. त्याला तुम्ही बुडवलं नाहीत. ओढ्यावर बसायचं बंद करा.

आता तुझं. होय पोरी, मला ठाऊक होतं. डॉक्टर तसं काही म्हणाले नव्हते. ते पत्र लिहिताना मी तीनदा कागद फाडला. गुडघ्यांची थट्टा लिहिली आणि अडतीच्या मागं हळदीच्या पोत्यांवर बसून रडलो. माझ्यावर रागाव, तुला हक्क आहे. त्याचं मागणं ऐकलं ते बरोबर केलं की चूक, हे मला अजून कळलेलं नाही. त्याला बांधून मुंबईला न्यायला हवा होता असं रोज एकदा वाटतं.

त्यानं मला स्वतःच्या हातानं दोन कार्डं लिहिली होती. तू पत्रं बदलून वाचतेस हे त्याला पहिल्या दिवसापासून कळत होतं. ओळखलं कसं म्हणशील तर, मी इतकं चांगलं कधी लिहीत नाही.

मी कसा आलो विचारतेस. दुसरं कार्ड माझ्यासमोर आहे. नेहमीप्रमाणे उजव्या निम्म्या भागात लिहिलेलं. उतरून देतो:

"राहिलेलं सांगतो. ताहेरानं तुझं पत्र वाचलं, त्यात तू ताबुताला खांदा द्यायला येणार असं आहे. तू असं लिहिलं नाहीस, मला माहीत आहे. पण तू ये. माझी पोरगी खोटी पडता कामा नये."

काका